जेलात छळ सोसून आलेल्या निर्वासित माणसाला मदत करायची आहे? आधी हे वाचून घ्या

परवा वडसा बाजूच्या एका पोरीचा फोन आला. नवीनच एका संस्थेत लागली आहे, आमच्या भागातल्या निर्वासित वस्त्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांना भेटायचं काम तिला दिलं, आणि त्यातले काही जण जेलात लय हाल सोसून आलेले आहेत एवढंच सांगून पाठवलं. ती मला विचारते, "ताई, मी तिथे जाऊन बोलू काय?" अर्धा पाऊण तास बोललो आम्ही, आणि फोन ठेवल्यावर वाटलं हे एकदा लिहूनच काढावं, कारण सात हिवाळ्यांआधी मला हे कोणी सांगितलं असतं तर एका माणसाला माझ्यामुळे जो त्रास झाला तो झाला नसता.

मी डॉक्टर नाही आणि समुपदेशक पण नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्या इकडे गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग तिचं नाव, 1972 सालची, आपण सगळे तिला तिबेटी कॅम्पच म्हणतो. तिथली एक बाई माझी कॉलेजची मैत्रीण. दिवाळी जवळ आली की ती आणि तिचा नवरा स्वेटर विकायला शहरात जातात ते थेट जानेवारी फेब्रुवारीला परत, आणि कॅम्पमध्ये मागे राहतात ती म्हातारी माणसं. एका वर्षी जाताना ती म्हणाली की काकांकडे आठवड्यातून एक दोनदा डोकावशील काय. तिच्या काकांना लहान पोरं पोला म्हणतात, म्हणजे आजोबा, त्यातला 'ला' म्हणजे आपला 'जी'. मी पण पोलाच म्हणते. ते तिबेटात, ल्हासाच्या जेलात काही वर्षं होते. त्यांना पुतणीमार्फत विचारूनच हे लिहून राहिली आहे, आणि ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत.

1. जायच्या आधी वाचून घ्या, म्हणजे त्यांना विचारावं लागणार नाही

माणूस कुठून आला, कशातून आला, हे थोडं तरी स्वतः माहीत करून घ्या. आपल्या भागात दोन प्रकारचे लोक जास्त भेटतात. एक तिबेटी. त्यातले काही 1959 नंतर दलाई लामांच्या मागोमाग आलेले आणि त्यांची मुलं नातवंडं, आणि काही नंतर आलेले, म्हणजे 1987 ते 1989 मध्ये ल्हासात चीनच्या सत्तेविरुद्ध निदर्शनं झाली, मार्च 1989 ला मार्शल लॉ लागला, त्यात पकडले गेले, सुटल्यावर हिमालय ओलांडून नेपाळमार्गे आले. त्यांच्यातल्या माजी राजकीय कैद्यांची धरमशालेत एक संघटना आहे, गु-चू-सुम, 1991 ची. गु-चू-सुम म्हणजे नऊ-दहा-तीन, सप्टेंबर 1987, ऑक्टोबर 1987 आणि मार्च 1988 या तीन महिन्यांत मोठी निदर्शनं झाली त्यावरून. एवढं जरी माहीत असलं ना तरी समोरच्या माणसाला कळते की हिला पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

दुसरे बंगाली, पूर्व पाकिस्तानातून आलेले, आमच्या तालुक्यात आहेत आणि गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शीकडे बरेच आहेत. त्यांच्या म्हाताऱ्यांनी दंगली पाहिल्या, घरं जळताना पाहिली, मग सरकारी कॅम्पात वर्षं काढली. त्यांचा त्रास वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळे. सगळ्यांना "निर्वासित" या एकाच पोत्यात भरू नका.

कायद्याचं पण दोन ओळीत सांगते. भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि छळविरोधी करारावर 1997 मध्ये सही केली पण तो अजून मंजूर केलेला नाही. म्हणून "छळ सोसलेल्या निर्वासितांसाठी" अशी वेगळी खिडकी तुम्हाला तालुक्यात कुठेच सापडणार नाही. जे आहे त्यातूनच गोधडीसारखं जोडून जोडून शिवावं लागते.

2. पहिल्या भेटीत, दुसऱ्या भेटीत, दहाव्या भेटीतही: काय झालं होतं ते विचारायचं नाही

माझी चूक इथेच झाली. तिसऱ्या का चौथ्या भेटीत, चहा झाला होता, शेजारच्या दोन बाया पण येऊन बसल्या होत्या, आणि मी अगदी मायेनं विचारलं, पोला, जेल में क्या हुआ था? ते काहीच बोलले नाही. कप खाली ठेवला, उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली की रात्रभर घरातला लाइट चालू होता. दोन दिवस ते धड जेवले नाही.

पुढे मला एका मानसोपचारवाल्या डॉक्टर मॅडमनं समजावून सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जेलातला छळ बहुतेक वेळा प्रश्नांसोबत होतो. कोणीतरी समोर बसते, नाव विचारते, कोण कोण होतं विचारते, मग मारते, मग परत विचारते. तर आपण समोर खुर्ची टाकून, डोळ्यात डोळे घालून, एकामागून एक प्रश्न विचारायला लागलो की आपली नियत किती का चांगली असेना, त्यांच्या अंगाला ते ओळखीचं वाटते. डोक्याला कळते की ही आशाताई आहे, पण छाती धडधडायची ती धडधडतेच.

आणि एक गैरसमज खूप आहे, की एकदा मन मोकळं करून रडून घेतलं की माणूस हलका होते. घरातल्या दुःखाला ते लागू होत असेल. इथे एका बैठकीत सगळं बाहेर काढायला लावलं तर फायदा तर होतच नाही, उलट जखम उघडी पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली तिच्यातही हेच आहे, त्यांचे तीनच शब्द आहेत, पाहा, ऐका, जोडा. त्यात "विचारून काढा" हा शब्द नाही. आठवणींवर काम करायच्या उपचारपद्धती आहेत, चांगल्या आहेत, पण त्या शिकलेल्या माणसानं, माणसाची तयारी पाहून, पुष्कळ बैठकांमध्ये करायच्या असतात.

मग करायचं काय? बाजूला बसा, समोर नका बसू. दोघांची नजर एकाच गोष्टीवर राहील असं काही काम घ्या. आम्ही लाखोळीची डाळ निवडत बसायचो, नाही तर त्यांच्या छोट्या वाफ्यातला पालक खुडायचो. त्यांनी स्वतःहून काही सांगितलं तर ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही, "मग पुढे?" म्हणून ढकलायचं नाही, आणि "बापरे" करून रडायचं तर अजिबातच नाही, कारण मग तेच तुम्हाला समजावत बसतात. थांबले तर थांबू द्यायचं. मी फक्त एवढंच म्हणते, सांगितलं ते बरं केलं, आता चहा ठेवू काय.

3. दोरी त्यांच्या हातात द्या

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. छळामध्ये माणसाच्या हातातून सगळं काढून घेतात, कधी झोपायचं, कधी मुतायला जायचं, कधी उजेड, कधी अंधार, कधी मार. म्हणून मदत करताना आपण पण "तुम्ही बसा पोला, मी करते" असं म्हणून सगळं हातात घेतलं तर चांगल्या मनानं का होईना तेच करून राहिलो आपण.

बारीक बारीक गोष्टी आहेत ह्या. दार उघडं ठेवू की लावू, विचारायचं. आत बसायचं की ओट्यावर, विचारायचं. येण्याचा वार आणि वेळ त्यांनी ठरवायची, आणि ठरली की पाळायची. मी मंगळवारी आणि शुक्रवारी 4 वाजता जाते. उशीर होणार असेल तर 5 मिनिटांचा का असेना, शेजारणीच्या फोनवर कळवते. पहिल्या वर्षी मला हे जास्तच वाटायचं, रोवणी-कापणीच्या दिवसात गावात कोण घड्याळ पाहते. पण ज्याला पुढच्या मिनिटाला काय होईल हे वर्षानुवर्षं माहीत नव्हतं त्याच्यासाठी 4 म्हणजे 4 ला येणारं माणूस हे औषधच आहे.

जेवढं जमेल तेवढंच कबूल करा. "मी तुमचं पेन्शन करून देते" असं कोणी एक जण बोलून गेला होता, ते पोला दोन वर्षं विचारत राहिले.

4. घर आणि आजूबाजूचे आवाज पाहून घ्या

प्रत्येकाचं वेगळं असते, त्यामुळे यादी कोणी देऊ शकत नाही, तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल. पोलांचं सांगते.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसली होती, डास लय झाले होते म्हणून मी शेजारच्या पोराकडून ती डास मारायची रॅकेट आणली आणि फिरवली. चट् आवाज आला, निळी ठिणगी उडाली. पोला खुर्चीवरून उठलेही नाही. त्यांचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले, फक्त बोटं आत वळत गेली, आणि नजर माझ्यावर होती पण मला पाहत नव्हते. कपाळावर घाम, डिसेंबरच्या थंडीत. विजेच्या दांड्याचे झटके तिथल्या जेलात देत असत हे मी वाचलं होतं, कित्येकांनी सांगितलेलं आहे, पण रॅकेट हातात घेताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

नंतर कळलं की कॅम्पला लागून असलेल्या एका शेतात डुकरं धानात शिरू नयेत म्हणून झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी मशीन, लावली होती, तिची टिक टिक रात्रभर चालायची, आणि त्यांची झोप त्याच महिन्यापासून गेली होती. घरातल्यांना वाटायचं वय झालं. मी त्या शेतकरी दादाला जाऊन भेटले, पोलांची कहाणी काहीच सांगितली नाही, फक्त म्हटलं की म्हाताऱ्या माणसाला आवाजाचा त्रास होते, मशीनचा डब्बा बांधाच्या त्या टोकाला लावता येईल काय. त्यानं लावला, दोन मिनिटांचं काम. धान वाचलं आणि झोप पण परत आली, सगळी नाही, पण आली.

आणखी पाहायच्या गोष्टी: मंडईचे (दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे) आणि लग्नाचे फटाके, महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेची गर्दी आणि भोंगे, रात्री अचानक लाइट जाणं, खाकी कपड्यातला कोणीही मग तो वनरक्षक का असेना, मागून येऊन खांद्यावर हात ठेवणं. सगळं टाळता येत नाही. पण आधी सांगता येते. "आज रात्री 9 वाजता बँड येणार आहे, 11 ला बंद होईल" एवढं सांगितलं तरी फरक पडते. एक चार्जिंगची बॅटरी उशाशी ठेवून द्या.

आणि तसा झटका आलाच, म्हणजे माणूस इथे बसून तिथे गेला, तर:

हात लावू नका, मोठ्यानं हलवू नका. थोडं लांब, त्यांना दिसाल असं बसा. हळू आवाजात स्वतःचं नाव सांगा, जागा सांगा, वार सांगा. मी म्हणते, पोला, मैं हूँ, ये गोठणगाव है, आज शुक्रवार है, बाहर धान रखा है. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, थंड पाण्याचा गिलास हातात द्या, तोंडाला नका लावू, हातात द्या. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं घ्यायला लावतात, ते पण चालते. पोलांच्या बाबतीत त्यांची जपमाळ सगळ्यात लवकर काम करते. ती कुठे असते ते मला माहीत आहे, पण मी उचलून देत नाही, फक्त दाखवते, ते स्वतः घेतात.

5. दुभाषा नीट निवडा

नातवाला किंवा घरातल्या लहान पोराला दुभाषा करू नका. त्याला जे ऐकायला नको ते ऐकावं लागते आणि म्हातारा माणूस त्याच्यासमोर बोलत पण नाही. वस्तीतलाच कोणी असेल तर आधी त्या माणसाला विचारा की हा चालेल काय, कारण छोट्या वस्तीत कोण कोणाचा कोण आणि कोणाचं तोंड किती बंद राहते हे त्यांना जास्त माहीत. बाईला बाईच दुभाषी द्या, विशेषतः बाईवर जेलात काय काय झालं असेल याचा विचार करता. धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाच्या, म्हणजे निर्वासित तिबेटी लोकांच्या स्वतःच्या सरकारच्या, आरोग्य विभागाचा छळ सोसलेल्यांसाठी वेगळा कार्यक्रम आहे, वसाहतीच्या सेटलमेंट ऑफिसमार्फत त्यांच्याशी बोलून फोनवर दुभाष्याची सोय होते काय ते विचारा.

शब्दांचं पण भान ठेवा. "डिप्रेशन", "मेंटल" असं काही म्हटलं की दार बंद. तिबेटी माणूस म्हणेल की लुंग वाढला आहे, सोक-लुंग झाला आहे. लुंग म्हणजे वारा, आपल्याकडे वात बिघडला म्हणतात ना तसंच काहीसं. झोप नाही, छातीत धडधड, चिडचिड, उगाच रडू, हे सगळं ते त्यात सांगतात. ते खोडू नका. त्यांच्या तिबेटी वैद्याचं औषध चालू असेल तर तेही बंद करायला लावू नका, फक्त कोणतं चालू आहे ते आपल्या डॉक्टरला सांगा.

6. कागदपत्रं: एक फाइल करा आणि ती त्यांच्याजवळच राहू द्या

ओरिजिनल कागद तुमच्याकडे ठेवू नका, एक दिवसासाठी पण नाही. ज्याचे कागद जप्त झाले होते त्याला हातातून कागद जाणं म्हणजे काय असते याचा विचार करा. झेरॉक्स काढायला जाताना त्यांना सोबत घ्या, किंवा फोटो काढून तिथल्या तिथे परत द्या. फाइलमध्ये एवढं पाहिजे:

- तिबेटी असतील तर आरसी, म्हणजे परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचं पुस्तक, आणि त्यावरची मुदतीची तारीख वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात
- ग्रीन बुक, म्हणजे तिबेटी प्रशासनाचं ओळखीचं हिरवं पुस्तक
- आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड असेल तर ते
- दवाखान्याचे सगळे जुने कागद, एक्सरे, चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावून
- चालू औषधांची यादी, नाव आणि डोस
- दोन जवळच्या माणसांचे नंबर कागदावर लिहून, फोनमध्ये असले तरी
- पासपोर्ट फोटो 6 तरी

योजनांसाठी खेटे घालायच्या आधी सेटलमेंट ऑफिसरला भेटा. केंद्र सरकारचं 2014 चं तिबेटी पुनर्वसन धोरण आहे, त्यात राज्य सरकारनं तिबेटी लोकांना आपल्या कल्याण योजनांचा लाभ द्यावा असं म्हटलं आहे, पण तहसीलच्या टेबलावर बसलेल्या बाबूला ते माहीत असेलच असं नाही, तर धोरणाची एक प्रत फाइलमध्ये ठेवा. कोणी दुसऱ्या देशातून आलेला असेल, अफगाणिस्तान किंवा म्यानमार म्हणा, तर त्यांचं काम दिल्लीच्या यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेच्या, ऑफिसकडे असते. तिबेटी लोकांचं तिथून होत नाही, ते भारत सरकार स्वतः पाहते. यात लोक फार फसतात आणि दिल्लीच्या चकरा मारतात.

आरसीच्या कामासाठी जिल्ह्याच्या पोलीस ऑफिसात जावं लागते. हा मोठा घाट आहे. आम्ही काय केलं, तारखेच्या आठ दिवस आधी नुसतेच गोंदियाला जाऊन आलो. काहीच काम नव्हतं. बाहेर टपरीवर चहा घेतला, गेट पाहिलं, कोण आत जाते कोण बाहेर येते ते पाहिलं. खरोखर कामाच्या दिवशी दाराजवळच्या बाकड्यावर बसलो, तिथून बाहेरचा रस्ता दिसते. साहेबांना मी आधीच जाऊन म्हटलं होतं की यांचं वय आहे, घाबरतात, नाव हळू पुकारा. त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतः बाहेर येऊन कागद घेतले.

7. दवाखाना

अंगाचं दुखणं खरं असते, हे पहिले डोक्यात घ्या. तळपायावर मारलेलं असेल तर कित्येक वर्षांनंतरही चालताना तळवे जळतात, माणूस चप्पल बदलत राहते आणि घरचे म्हणतात नखरे आहेत. हात मागे बांधून टांगलेलं असेल तर खांदे वर जात नाहीत, शर्ट घालायला वेळ लागते. कानफटात मारून मारून कानाचा पडदा गेलेला असते आणि आपण समजतो की म्हातारा ऐकूनही उत्तर देत नाही. म्हणून नुसतं "टेन्शन आहे" म्हणून गोळी घेऊन येऊ नका, हाडांचा, कानाचा, दातांचा डॉक्टर, फिजिओथेरपी, सगळं लागते.

पोलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही एका दवाखान्यात गेलो, नाव नाही घेत. ईसीजीच्या खोलीत टेक्निशियननं झोपवलं, शर्ट वर केला, काही न सांगता मनगटाला आणि घोट्याला ते चिमटे लावायला सुरुवात केली, वायरी लोंबत होत्या. पोला उठून बसले. त्यानं खांदे धरून परत झोपवलं आणि "हलू नका बाबा" म्हणून जोरात बोलला. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. ईसीजी झालाच नाही, आणि पुढचे आठ महिने ते दवाखान्याची पायरी चढले नाही.

त्या पोराला पण दोष देववत नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, सांगायचं काम माझं होतं. दुसऱ्यांदा दुसरीकडे नेलं तेव्हा मी आधी एकटी जाऊन सिस्टरला भेटली. ईसीजीच्या वायरीतून करंट अंगात येत नाही, त्या फक्त हृदयाचं वाचतात, हे तिनं आधी माझ्या हाताला चिमटे लावून त्यांना दाखवलं. मशीनमधून माझा कागद निघाला तो त्यांनी हातात घेऊन पाहिला. मग एकेक वायर दाखवून, "आता डावा हात, लावू?" असं विचारून लावली. पंधरा मिनिटं लागली. ईसीजी पूर्ण निघाला.

तर जायच्या आधी डॉक्टरला किंवा सिस्टरला एवढं सांगा, कहाणी सांगायची गरज नाही: हात लावायच्या आधी सांगा आणि विचारा, दार पूर्ण बंद करू नका, कपडे लागतील तेवढेच काढा, सुई, दातांचं मशीन, वायरी, बीपीचा पट्टा आधी दाखवा, आणि त्यांनी हात वर केला की थांबा. हात वर केला की थांबायचं हे घरूनच ठरवून जा.

मनाच्या डॉक्टरसाठी आधी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात विचारा, तो प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याशी जोडलेला असते, वार ठरलेले असतात. गोंदियाला मेडिकल कॉलेज आहे, पुढे नागपूरला मेडिकल आणि एम्स आहेत, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस, 14416, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाही, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः मदतनीस म्हणून लावला तरी चालते, मी लावला आहे. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा आहे, त्यात उपचार मिळायचा आणि माहिती गुप्त राहायचा हक्क दिला आहे, कोणी कागद सगळ्यांसमोर वाचायला लागलं तर तसं बोलून दाखवा.

झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. शेजारच्याची उरलेली तर नाहीच. सुरू केलेली गोळी मध्येच बंद करणं पण तेवढंच वाईट. आणि दारू झोपेसाठी घेत असतील तर भाषण देऊ नका, डॉक्टरला सांगा.

कोणाची आश्रयाची केस चालू असेल तर अंगावरच्या खुणांचा डॉक्टरी अहवाल लागू शकते. त्याची जगभर मानलेली पद्धत आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात, 1999 चा, 2022 मध्ये सुधारलेला. ते काम त्यातल्या जाणकार डॉक्टर आणि वकिलाचं. आपण मोबाइलनं व्रणांचे फोटो काढायचे नाही. ग्रुपवर टाकायचे तर नाहीच नाही, तिबेटात ज्यांचे नातेवाईक मागे आहेत त्यांचं नाव आणि चेहरा फिरणं त्या नातेवाइकांना महागात पडू शकते.

8. हे दिसलं तर वाट पाहू नका

जीव नकोसा झाला असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, जेवण पूर्ण सोडणं, माळ, प्रार्थना जे रोजचं आहे ते एकदम बंद होणं. आपल्या भागात घरोघरी फवारणीचं औषध असते, ते पहिले कुलपात. एकटं सोडू नका, 14416 लावा, आणि लगेच धोका वाटला तर 112 किंवा 108. "जीव द्यावासा वाटते काय" असं सरळ, शांतपणे विचारलं तर त्यानं मनात तसं भरत नाही. इतकी वर्षं विचारू नका विचारू नका म्हणून सांगून राहिली, पण ही एक गोष्ट विचारायची.

9. तुमची झोप

मला दोनदा स्वप्नं पडली, न पाहिलेल्या जेलाची. एक आठवडा तर पोरांवर उगाच खेकसत होती. ऐकणाऱ्याला पण लागते हे. कोणीतरी एक माणूस ठेवा ज्याच्याजवळ तुम्ही तुमचं बोलाल, त्यांची कहाणी न सांगता फक्त तुमचं. मी आमच्या गटप्रवर्तक ताईंशी बोलते. आणि परतताना गाडी सरळ घरी नेत नाही, इटियाडोहच्या पाळीवर दहा मिनिटं थांबते.

10. जाणं बंद होणार असेल तर आधी सांगा

नोकरी बदलते, प्रोजेक्ट संपते, लग्न होते. सगळं समजते. पण एके दिवशी अचानक येणं बंद करू नका, यांच्या आयुष्यात माणसं तशीच गेलेली आहेत, एका रात्रीतून, काही न सांगता.

दर वर्षी लोसारच्या आधी, म्हणजे तिबेटी नवीन वर्षाच्या आधी, माझी मैत्रीण परत येते आणि माझं आठवड्यातून दोनदा जाणं कमी होते. ते मी एक महिना आधीपासून सांगते. पोलांच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, मराठी वाचता येत नाही पण आकडे येतात. मी उरलेले मंगळवार शुक्रवार दाखवते आणि पेन त्यांच्या हातात देते. यंदा जानेवारीत त्यांनी ते आठ वार मोजले, प्रत्येकावर गोल केला, शेवटच्या गोलाच्या पुढचा मंगळवार पण गोल करून टाकला, आणि पेन परत देताना म्हणाले, इस दिन चाय मैं बनाऊँगा, तुम बैठना.